परक्याच्या छपराखाली

१२ ऑगस्ट १९७८, शनिवार. कुंडल

तमाशाची जुनी बसगाडी सहा हजाराला पडली असं मी गावात सांगतो. ऐकणाऱ्याला मान वाटतो आणि मलाही. वहीत मात्र खोटं लिहून कुणाला फसवू? साडेचार हजार रोख, त्या बुडालेल्या तमाशाच्या मालकाला. तीनशे त्याच्या ढोलकीवाल्याला, कारण तो गाडीच्या टपावर झोपायचा आणि खाली उतरायलाच तयार नव्हता. एक मटणाचं जेवण, मालकाच्या दोन भावांना, सही करताना मन फिरू नये म्हणून. दोन टायर. आणि बायकोची, येसूची, गाभण म्हैस. म्हैस कितीला गेली ते इथंही लिहीत नाही, कारण ते पैसे पोस्टात ठेवलेत असं मी येसूला सांगितलंय, आणि तिचा माझ्यावर विश्वास आहे.

बाराव्या वर्षी ट्रकवर क्लीनर लागलो, आज रस्त्याला लागून स्वतःचं गॅरेज आहे. शिक्षण चौथी, पण कान मॅट्रिक. लांबून येणारी गाडी नुसती ऐकून सांगतो, कुठला टॅपेट सैल आहे. माझ्या कानातून काही सुटत नाही.

एकच गोष्ट लिहायची राहिली. गाडी घेऊन येताना खड्डा आला की कुठंतरी आत छुम् व्हायचं. बारीक, घुंगराचं. माझा फिटर धुळा म्हणाला, "मालक, एखादी बाई खाली उतरायची ऱ्हायली काय?" दोघांनी मिळून सीटा उचकटल्या, पत्रे ठोकले. काही सापडलं नाही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आलो आणि येसूला गाडी दाखवली. म्हटलं, हे आता घर होणार. चाकांवरलं. आत चूल, आत अंथरूण, आत पाण्याची टाकी. यंदाचा दसरा म्हैसूरला, हत्तीवरची स्वारी बघायची.

लग्न झालं त्या वर्षीच मी तिला म्हैसूर दाखवीन म्हटलं होतं. पुढं ट्रकवर फेऱ्या सुरू झाल्या, दर फेरीला तिला चंदनाचा साबण आणायचो. साबण संपले, वरच्या राजवाड्याच्या चित्रासकट खोकी तिनं लुगड्यांच्या घडीत ठेवली. अजून वास येतो म्हणते.

तिनं पदर खोचला, गाडीभोवती एक फेरी मारली, आत चढली, बादली मागवून सगळी गाडी धुऊन काढली. दुपार गेली तिची त्यात. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "मला बाहीरचं दिसंल का ह्यातनं?"

म्हटलं, "रस्ता मी बघतोय की!"

२ सप्टेंबर

काम जोरात. धुळ्यानं पाटा-वरवंट्याला लोखंडी अँगल मारून तो खाली पक्का बसवला, आता घाटात गाडी कितीही कलली तरी चटणी थांबणार नाही. दोन स्टोव्ह. पिठाचे डबे खिडकीसमोर लावावे लागले, दुसरीकडं जागाच नव्हती. येसूची झोपायची जागा स्टोव्हशेजारीच ठेवली, म्हणजे पहाटे उठल्यावर तिला लांब जायला नको. इतका विचार कोण करतं बायकोचा?

गावात बातमी पसरली. लोक संध्याकाळी फिरायला गॅरेजवर येतात. कुणी म्हणतं, भाऊसोचं घर पळून चाललंय. कुणी म्हणतं, तमाशाचीच गाडी ती, कवातरी स्वतःहून फडाकडं जाईल. मी हसण्यावारी नेतो. पण कान उघडे असतात. हसणारे किती आणि जागा शिल्लक आहे का विचारायला आलेले किती, ते बरोबर कळतं.

१० सप्टेंबर

आज सोसायटीचे चेअरमन हंबीरराव स्वतः आले. बर्थवर बसून बघितलं, आडवं होऊन बघितलं, कुशीवर वळून बघितलं. मग म्हणाले, "भाऊसो, म्हैसूरकडं तुतीची शेती लय मोठी हाय. रेशमाचं किडं पाळत्यात. आपल्या शेतकऱ्याला कळाय नको? मी अभ्यासाला येतो."

"या की. पर आपल्याकडं समदा ऊस."

"म्हणूनच तर अभ्यास करायचा!"

अभ्यासाला त्यांच्याबरोबर दोन संचालकही येणार. दोघांनाही ऊस सोडून कशाचीच माहिती नाही, तेव्हा अभ्यासाला वाव भरपूर आहे.

सुभेदार नानासो आपणहून आले. पलटणीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून चालताना कुणीतरी मोजतंय असं वाटतं. नकाशा घेऊनच आले. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, लाल पेन्सिलीनं रेघ. म्हणाले, "भाऊसो, रसद कोण बघणार?"

"येसू."

"हां. मग काळजी न्हाई."

संध्याकाळी पारावर सगळ्यांदेखत हंबीररावांनी विचारलं, दसऱ्यात म्हैसूरला लॉजात पाय ठेवायला जागा नसते म्हणतात, खरं का? मी म्हटलं, "लॉज कुणाला पाहिजे? लिहून ठेवा. म्हैसुरात हा भाऊसो परक्याच्या छपराखाली एक रात्र काढणार नाही. आपलं घर, आपलं छप्पर, आपली भाकरी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर मलाही अंगावर काटा आला.

२४ सप्टेंबर, रविवार

निघायचा दिवस ठरवायला बैठक. सुभेदार म्हणाले, लवकर कूच करू. हंबीरराव म्हणाले, पितृपंधरवड्यात नवी गाडी उंबऱ्याबाहेर काढत नसतात. मग मी म्हटलं, अमावास्या दोन तारखेला, तिच्यावरही नको. पंचांग आणलं. तीन ऑक्टोबर, मंगळवार. घटस्थापना! देवीचा दिवस, देवीचा वार, आणि दसऱ्याला म्हैसुरात पोचायला आठ दिवस हातात. एवढा चोख मुहूर्त सापडल्यावर तिघेही एकमेकांकडं बघून हसलो. तिघांच्याही घरात बायका आहेत, पण पंचांग वाचायचं काम पुरुषांचंच.

येसू चहा ठेवून गेली. "कंचा दिस ठरला?" एवढंच विचारलं. सांगितला. "बरं," म्हणाली. तिला झालेला आनंद ती दाखवत नाही. जुनी सवय.

२८ सप्टेंबर

माणसं वाढली. चेअरमन, दोन संचालक, सुभेदार, संचालकांपैकी एकाचा मेहुणा, कारण त्याला कानडी येतं. (निपाणीच्या बाजारात तंबाखू विकताना शिकलेलं. म्हणजे आकडे आणि शिव्या.) मी. आणि येसू. सात जणांच्या दोन वेळच्या भाकऱ्या, म्हणजे दिवसाला किती, हे सुभेदारांनी येसूला तोंडी काढून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं.

२९ सप्टेंबर

आज परत सगळे जमले होते. येसू चहा घेऊन आली, कप दिले, आणि गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली.

"घटाचं काय?" म्हणाली.

चेअरमनांनी बशीत चहा ओतला आणि तसाच धरला. नऊ दिवस माती, पेरलेलं धान्य, रोज माळ, अखंड दिवा. आमच्या घरात आईच्या मागं ते येसूच करते. मी इतकी वर्षं त्या दिवसांत ट्रकवर असायचो, मला घट म्हणजे दसऱ्याला टोपीत खोचायचं हिरवं एवढंच ठाऊक.

पण मी म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. म्हटलं, "अगं, हिला घर म्हणतोय ना आपण? मग घट गाडीतच बसव. देवीलाही म्हैसूर दिसंल."

"वा!" सुभेदार म्हणाले. "मोबाइल मंदिर!"

येसूनं पदर डोक्यावर घेतला. "गाडीतच बसवू म्हनता?"

"मग! घरच ते."

"चेअरमनसायेब, तुमीबी ऐकलंसा न्हवं?"

"ऐकलं की वैनी. घर म्हंजे घर."

"सुभेदार, तुमी?"

"येस!"

"बरं," म्हणाली, आणि रिकामे कप गोळा करून घेऊन गेली. अडचण कशी सोडवायची हे बायकांना पुरुषांनीच दाखवावं लागतं.

३ ऑक्टोबर, मंगळवार. घटस्थापना

सगळं लिहितो, राग उतरायला.

पहाटेच गाडी गॅरेजमधून काढून घरापुढं आणून उभी केली. चेअरमन गॉगल घालून आले. संचालकांच्या हातात बॅगा. सुभेदारांनी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. येसूनं गाडीत, बरोबर मधोमध, पत्रावळीवर काळी माती पसरली, सात धान्यं पेरली, घट ठेवला, दिवा लावला, पहिली माळ बांधली. आरती झाली. मी स्टिअरिंगवर बसलो, किल्ली फिरवली. इंजिन एका दमात लागलं, असं गोड की मी डोळे मिटून ऐकत बसलो.

तेवढ्यात काठीचा आवाज. हंबीररावांची आई, बनुबाई, ऐंशीच्या पुढची. ओटी भरायला आली म्हणे. तिला इतक्या सकाळी कुणी बोलावलं कुणास ठाऊक. तिनं आत वाकून बघितलं, आणि काठी बोनेटवर आपटली.

"इंजान बंद कर!"

केलं.

"घट बसवलाय आनि गाडी हलवतोस? मुडद्या, बसला घट कुनी हलवतंय व्हय? दसऱ्याबिगार न्हाई हलवायचा."

मी म्हटलं, "आजी, घट कुठं हलतोय? तो आपल्या जागेवरच. गाडी हलणार."

"व्हय का? आनि तुझं डोस्कं जाग्यावरच, गाव फिरतंय. हंबीर!"

चेअरमनांनी गॉगल काढला.

"तुला अक्कल हाय का रं? सोसायटी चालवतोस आनि हे ठावं न्हाई? घट हलला तर घर हलंल. कुनाचं हलंल? जो गाडीत बसलाय त्याचं!"

चेअरमन जिल्ह्यात कुणालाही उलटून बोलतात. आईसमोर त्यांच्या पायातला जोडा आपोआप निघतो. दोन्ही संचालक हळूच बॅगा घेऊन खाली उतरले. सुभेदारांनी रांग मोडायचा हुकूम दिला, पण तोवर रांगेत त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

मी येसूकडं बघितलं. म्हटलं, "तुला माहीत नव्हतं हे?"

"तुमीच म्हनला, घर हाय म्हून," ती म्हणाली. "घरातला घट मी कवा हलवलाय?"

बिचारी. तिचाही म्हैसूरचा दसरा गेला. आणि तोंडावर दुःखाची एक रेघ येऊ दिली नाही तिनं.

६ ऑक्टोबर

गाडी दारात. चाकांना धुळ्यानं दगड लावलेत, चुकून हलू नये म्हणून. दिवा विझू द्यायचा नाही म्हणून येसू रात्रंदिवस गाडीतच. तिचा उपवास, म्हणून घरातली चूल बंद. मी गॅरेजसमोरच्या हॉटेलात मिसळ खातो. माझ्या पोटाच्या दाराला कुणी दगड लावलेला नाही, एवढंच.

दुपारी गाडीजवळून जात होतो, आतून घोरण्याचा आवाज आला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, येसू दिवसा झोपलेली मी बघितली नव्हती. आत डोकावलो. चेअरमनांच्या बर्थवर, खिडकीपाशी, पाय लांब करून. उपवासानं थकवा येत असणार.

८ ऑक्टोबर, रविवार

नवीनच भानगड. काल आरतीला गाडीत बायका दाटीनं चढल्या, गाडी डुलली, आणि छुम्! परत छुम्! मग बनुबाई म्हणाली, "आली गं बया."

रात्रीत गावभर झालं की देवी पैंजण वाजवते. आज पलूसपासून बायका आल्या. सुभेदार शिट्टी घेऊन रांग लावतायत, रांग लावायला मिळाल्यापासून त्यांची तब्येत सुधारली. मी चेअरमनांना कानात सांगितलं, अहो, तमाशाच्या गाडीतलं घुंगरू आहे ते, मी स्वतः ऐकलंय. त्यांनी मला बाजूला घेतलं. "भाऊसो, गड्या, लोकांची श्रद्धा हाय. आनि पुढच्या साली सोसायटीची निवडणूक हाय."

माझे मॅट्रिक कान इथं नापास झाले. चार वेळा गाडीखाली शिरलो, आवाज कुठून येतो ते कळत नाही. कधी पुढून, कधी मागून. येसू माळ बांधत बसलेली असते त्याच बाजूनं बऱ्याचदा.

१० ऑक्टोबर

आज खरी पाचर बसली. चेअरमनांनी लाउडस्पीकरवरून सांगितलं की दसऱ्यानंतरही गाडी इथून हलणार नाही. देवीनं जागा निवडली. वर पत्र्याचा मंडप, पुढं फरशी, आणि चाकं काढून खाली कट्टा बांधायचा. "भाऊसोंनी ही गाडी गावाला अर्पण केली आहे," हे मला लाउडस्पीकरवरूनच कळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पारावर वाजवल्या होत्या तेच हात.

नाही म्हणावं तर देवीला नाही म्हटल्यासारखं. व्हय म्हणावं तर गाडीही गेली, म्हैसूरही. रात्री येसूला म्हटलं, "आता ह्या जन्मी काही तुझं म्हैसूर होत नाही."

ती वाती वळत होती. "दसऱ्याला गर्दी लय आसती म्हनं तितं?"

"मुंगी शिरणार नाही."

"आनि दसरा झाल्यावर?"

"रिकामं. तेव्हा कोण जातंय?"

"चेअरमन येतील तवा?"

"हत्ती नाही, रोषणाई नाही. कशाला येतायत!"

"बरं," म्हणाली. एवढं होऊनही तिच्या डोक्यात अजून म्हैसूर. मला गहिवरून आलं.

११ ऑक्टोबर, बुधवार. दसरा

घट उठले. चेअरमनांनी पांढरी टोपी घातली होती. कट्ट्याचा नारळ फोडायचा, म्हणून आधी देवीची खूण घ्यायचं ठरलं. सगळ्या बायका गाडीत चढल्या. गाडी डुलवली. काही नाही. परत डुलवली. कडाकड स्प्रिंगा वाजल्या, पण छुम् नाही. चेअरमन स्वतः चढले आणि मधोमध उभे राहून नाचले म्हटलं तरी चालेल. नुसता पत्रा वाजला.

सगळे बनुबाईकडं बघायला लागले. तिनं कान लावला, मान हलवली. "गेली. शिलंगनाला गेली बया. घट उठल्यावर ऱ्हाती व्हय?"

"आई, पर मंडप..."

"मोकळ्या गाडीला मंडप? लोकं श्यान घालतील तोंडात."

येसू खाली उतरली, सगळ्यांच्या हातावर घटातलं हिरवं दिलं. चेअरमनांना वाकून म्हणाली, "सायेब, आता गाडी मोकळीच हाय. चलताय का उद्या, तुतीच्या अभ्यासाला?"

चेअरमन म्हणाले, आता कारखान्याचा सीझन तोंडावर आलाय. संचालकांनाही ऊस आठवला. सुभेदार म्हणाले, फक्त दोन माणसांची तुकडी असेल तर कमांडिंग ऑफिसरची गरज नसते.

१२ ऑक्टोबर

निघालो. मी आणि येसू. गॅरेज धुळ्याकडं. येसू क्लीनरच्या सीटवर, पुढची अख्खी काच तिच्यासमोर. कृष्णा ओलांडली तसं म्हणाली, "हितनं दिसतंय."

गाडी खड्ड्यातून गेली. आवाज नाही. म्हटलं, "घुंगरू कुठं गेलं गं?"

"देवी घेऊन गेली आसंल." तिनं कमरेचा बटवा सारखा केला. त्यात काहीतरी छुम् वाजलं. घराच्या किल्ल्या असणार, एवढ्या कशाला आणल्या कुणास ठाऊक.

१४ ऑक्टोबर. चित्रदुर्गच्या अलीकडं

दोन्ही रात्री गाडीतच मुक्काम. एका पंपावर, एकदा चिंचेखाली. येसूनं दोन्ही वेळा स्टोव्ह पेटवला, पिठलं-भाकरी केली, भांडी घासली, पहाटे उठून पाणी भरलं. मी विचारलं, "कसं काय आपलं घर?"

"घरच हाय," म्हणाली. "कायसुदिक फरक न्हाई."

अशी दाद ऐकायलाच मी ही गाडी बांधली.

१९ ऑक्टोबर, गुरुवार. म्हैसूर

इथं आलो त्या संध्याकाळी एका मोकळ्या मैदानाकडेला गाडी लावली. स्टोव्हमध्ये रॉकेल भरायला घेतलं. येसू खाली उतरून रस्त्याच्या पलीकडं बघत होती. टांगे, मोगऱ्याच्या टोपल्या, कानडी गलका, दिव्यांच्या माळा अजून उतरवायच्या होत्या. म्हणाली, "ते काय हाय?"

"लॉज."

"तितं जेवायला मिळतंय?"

"मिळतं. पण आपल्याला काय करायचंय? आपलं घर आहे."

"घर सत्तावीस वर्सं बगितलं," ती म्हणाली. "आता गाव बगायचंय. पैक्याचं म्हनत असाल तर माझ्या म्हशीचं हायत न्हवं पोस्टात? त्यातलं घ्या."

मी स्टोव्ह खाली ठेवला.

दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. पोऱ्यानं "बन्नी अम्मा" (या आई) म्हणत तिची वळकटी उचलली, तर ती त्याच्याकडं बघतच राहिली. तिचं सामान आजवर कुणी उचललं नव्हतं. सकाळी खिडकीत बसते, खाली बाजार बघते, चहा वर येतो. काल तीन डोसे खाल्ले, पीठ कुणी वाटलं ते न विचारता. राजवाडा बघितला. म्हणाली, खोक्यावर होता त्यापेक्षा मोठा आहे. हत्तीही दिसला एक, गवत खाताना. हौदा नसला तरी हत्ती तेवढाच असतो म्हणाली.

गावाकडं कार्ड टाकायचं आहे. चेअरमनांना काय लिहावं, सुचत नाही.

आज इथं चार रात्री झाल्या, चारही लॉजवर. गाडी खाली लॉजच्या आवारात आहे. तिच्यात रात्री लॉजचा राखणदार झोपतो.